फ्रीगंजच्या गच्चीवरचे होकायंत्र

उज्जैनला जायची माझी इच्छा फार दिवसांची होती. महाकाळाचे दर्शन हे एक निमित्त. दुसरे म्हणजे माझ्या एका मावसबहिणीचे सासर तिथे फ्रीगंजमध्ये आहे. शिंद्यांच्या राज्यात जी मराठी घराणी माळव्यात गेली आणि तिथलीच झाली, त्यांपैकी हे एक. त्यांची मराठी शुद्ध आहे, पण तिच्यात माळव्याचे पाणी मिसळले आहे. गच्चीला ते 'छत' म्हणतात आणि जेवायला बसताना 'चला, थाली लागली' अशी हाक येते. गोव्यात आपल्या मराठीत पोर्तुगीज शब्द नांदतात, तशीच ही गंमत.

फ्रीगंजचे कागदोपत्री नाव माधवनगर. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचे हे नाव. महाकाळ, गोपाळमंदिर, क्षिप्रेचे घाट हे सारे जुने शहर रेल्वेरुळांच्या एका अंगाला आणि हे रुंद रस्त्यांचे फ्रीगंज दुसऱ्या अंगाला. मध्ये पूल. चौकात घड्याळाचा मनोरा आहे, त्यामुळे सगळे पत्ते 'टॉवरपासून' सुरू होतात.

पोहोचलो त्या दिवशी संध्याकाळी बहिणीचे सासरे मला गच्चीवर घेऊन गेले. त्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. मीही तसेच म्हणू लागलो. आप्पांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. गच्चीवरून ते मला दिशा दाखवू लागले : तिकडे जुने शहर, तिकडे इंदूरचा रस्ता, तिकडे वेधशाळा. दिशांची गोष्ट निघाल्यावर मला राहवले नाही. बॅगेच्या कप्प्यात पडून असलेले माझे होकायंत्र मी बाहेर काढले. डोंगर चढणारे वापरतात तसले, पारदर्शक पट्टीवर बसवलेले. आठ महिन्यांत मी ते उघडलेही नव्हते. त्यामागे एक कारण होते आणि ते कारणच या लेखाचे मूळ आहे.

मी होकायंत्र तळहातावर धरले. सुई हलली, स्थिरावली. आप्पांनी एकदा सुईकडे पाहिले, एकदा मावळतीच्या सूर्याकडे, आणि शिक्षकी आवाजात म्हणाले, "पाहुणे, लाल टोकाकडे तोंड करून उभे राहा बरं. आता सूर्य कुठल्या हाताला आहे?"

"उजव्या."

"उत्तरेकडे तोंड केलेल्या माणसाच्या उजव्या हाताला सूर्य मावळतो का कधी?"

मी चपापलो. मग सवयीने सबब सांगितली, "इथे सगळीकडे लोखंड आहे ना, आप्पा. खांबांच्या सळ्या बाहेर आल्यात, टाकीचा स्टँड आहे, कठडा लोखंडी. त्यानं फिरली असेल."

ही सबब मी याआधीही वापरली होती. फक्त त्या वेळी लोखंडाच्या जागी दगड होता.

आदल्या पावसाळ्यात मी चार मुलांना घेऊन चोर्ला घाटाच्या माथ्यावरच्या सड्यावर गेलो होतो. त्यांतला एक माझा भाचा, बाकीचे त्याचे मित्र. सगळे बारावीच्या आतबाहेरचे. सडा म्हणजे काय हे गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. लांबच लांब उघडा कातळ, जांभा, गुडघाभर गवत. झाड नाही, खूण नाही. दुपारी धुके उतरले आणि दहा पावलांवरचा मुलगा दिसेनासा झाला. वाट पूर्वेला, कडा पश्चिमेला, एवढे मला पक्के ठाऊक होते. मी होकायंत्र काढले, पूर्व धरली आणि मुलांना माझ्यामागे ओळीने चालायला सांगितले. पाऊण तास चाललो. मग समोर धुक्यातून पाण्याचा आवाज येऊ लागला. ओढा असेल असे मला वाटले. तेवढ्यात डावीकडून गुरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्याची हाक आली, "खंय वता रे? फुडें कांय ना!"

पुढे खरोखरच काही नव्हते. पंधरा-वीस पावलांवर सडा संपत होता आणि खालच्या दरीत पाणी कोसळत होते. त्या म्हाताऱ्याने आम्हाला वाटेला लावले. त्याचे नाव विचारायचेही मला सुचले नाही.

घरी आल्यावर मुलांच्या आईबापांना मी सांगितले की सड्यावरच्या लोहयुक्त दगडाने सुई फिरवली. आपल्याकडे डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या खनिजाची ओळख प्रत्येकालाच असल्यामुळे ते कोणालाही पटले. नंतर एका छोट्या व्याख्यानातही मी हीच हकिकत रंगवून सांगितली : डोंगराने आम्हाला कसे फसवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. होकायंत्र मात्र मी कप्प्यात टाकले ते पुन्हा काढले नाही.

आप्पांनी माझी लोखंडाची सबब ऐकून घेतली. खोडली नाही. म्हणाले, "तपासून पाहू." त्यांनी मला सळ्यांजवळ नेले, सुई एका बाजूला ओढली गेली. मग कठड्याजवळ, दुसरीकडे ओढली गेली. गच्चीच्या मध्यावर उभे केले. लाल टोक दक्षिणेला. मग जिना उतरून आम्ही घरामागच्या मोकळ्या मैदानात गेलो. तिथे लोखंडाचा तुकडा नव्हता. लाल टोक अगदी शांतपणे दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले.

"नियम साधा आहे," आप्पा म्हणाले. "जागा बदलली की चूक बदलते, तर दोष जागेचा. जागा बदलूनही चूक तीच राहते, तर दोष सुईचा. तुमची सुई उलटी झाली आहे. हे यंत्र तुम्ही ठेवता कशात?"

मी कंबरेची थैली दाखवली. तिच्यात मोबाइलही असतो. मोबाइलच्या पाकिटाचे झाकण चुंबकाने बंद होणारे आहे. आप्पा काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. होकायंत्राची सुई म्हणजे एक लहानसा चुंबकच. तिच्याहून जोरकस चुंबक तिला खेटून दिवसेंदिवस राहिला तर सुईचे चुंबकत्व क्षीण होते, किंवा पार उलटते. उत्तरेचे टोक दक्षिणेचे होते. उलटलेल्या सुईत बिघाडाची एकही खूण दिसत नाही. ती डुलते, स्थिरावते, ठामपणे दिशा दाखवते. दिशा तेवढी नेमकी विरुद्ध असते.

दगडाचे म्हणाल तर तेही खोटे नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि माळव्याचे पठार ही एकाच ज्वालामुखीची लेकरे. या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात आणि माथ्यावर जिथे वीज पडलेली असते तिथला खडक अधिकच चुंबकीय झालेला असतो. अशा खडकावर होकायंत्र टेकवून ठेवले तर सुई काही अंश हलते. एखाद्या विशिष्ट जागी पुष्कळ हलते. पण दोन पावले सरकले की चूक बदलते. पाऊण तासाच्या वाटेवर सुई सतत बरोबर उलट दाखवत राहावी, हे काम दगडाचे नव्हे. मला हे सड्यावरच कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला वेधशाळेत घेऊन गेले. फ्रीगंजहून पूल ओलांडून शहराच्या नैर्ऋत्येला, क्षिप्रेच्या काठच्या बाजूला ही वेधशाळा आहे. जयपूरचा सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार होता. त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनची निवड उगाच झाली नव्हती. आपल्या ज्योतिषग्रंथांनी शून्य रेखांश मानला तो उज्जयिनीचाच. लंकेहून निघून उज्जयिनीवरून मेरूकडे जाणारी ती मध्यरेषा. पुढे ही वेधशाळा मोडकळीला आली. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि त्या कामात व पुढच्या कारभारात गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाचा मोठा वाटा होता. आज तिला जिवाजी वेधशाळा म्हणतात.

आपल्या गोव्याशीही जयसिंगाचा एक धागा जुळतो. त्याने १७२७ साली पाद्री मानुएल द फिगेरेदु याच्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालच्या राजाकडे पाठवली, ती युरोपातले ज्योतिषशास्त्र कुठवर पोहोचले आहे हे पाहण्यासाठी. ही मंडळी गोव्याच्या वाटेने लिस्बनला गेली आणि फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके घेऊन परतली. जयसिंगाने ती कोष्टके आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि त्यांतल्या चुका नोंदवल्या. परदेशातून आले म्हणून त्याने ते डोळे मिटून घेतले नाही आणि परक्याचे म्हणून टाकूनही दिले नाही.

सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, दिगंश यंत्र, भित्ती यंत्र असे सगळे पाहत आम्ही शंकू यंत्रापाशी आलो. हे जयसिंगाचे नव्हे. आपट्यांच्या देखरेखीखाली पुढे बांधलेले. एक गोल ओटा, मधोमध उभा शंकू. बाकी काही नाही. "आता तुमची सुई इथे विचारा," आप्पा म्हणाले.

शंकूवरून दिशा काढायची रीत फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ती आहे, सूर्यसिद्धान्तातही आहे. सपाट जमिनीवर वर्तुळ काढायचे, मध्यभागी सरळ काठी रोवायची. सकाळी सावली लांब असते. ती आखडत आखडत तिचे टोक वर्तुळाच्या रेषेला पश्चिमेकडे जिथे शिवते तिथे खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि तिचे टोक पूर्वेकडे वर्तुळाबाहेर पडते. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला काटकोनात रेषा काढली की उत्तर-दक्षिण. सूर्य दिवसभरात स्वतः किंचित उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो म्हणून अगदी थोडी चूक राहते आणि तिच्यासाठीही आपल्या ज्योतिषांनी संस्कार सांगून ठेवला आहे. अरब ज्योतिषी या वर्तुळाला 'हिंदी वर्तुळ' म्हणत. या रीतीत लोखंड नाही, चुंबक नाही. तिला कोणी बिघडवू शकत नाही. ढग मात्र हवे तेव्हा बंद पाडू शकतात.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा घड्याळात पावणेएक होत आले होते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि उज्जैन पावणेशहात्तर रेखांशाजवळ. फ्रीगंजच्या टॉवरवर बारा वाजतात तेव्हा उज्जैनची मध्यान्ह अजून व्हायची असते. त्या आखूड सावलीच्या बाजूला, ओट्यापासून थोडे दूर, मी होकायंत्र धरले. सावली उत्तरेला. माझे लाल टोक दक्षिणेला. वाद संपला.

मी ओशाळून हसलो. तेव्हा मला आपल्याच पणजीतल्या ग्रंथालयात वाचलेला एक माणूस आठवला आणि मी आप्पांना त्याची गोष्ट सांगितली.

दों जुआंव द कास्त्रु हे नाव गोव्यात इतिहासाची आवड असणाऱ्यांना माहीत असते ते वेगळ्या कारणांसाठी. १५४५ ते १५४८ या काळात तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर आणि शेवटी व्हाइसरॉय होता. दीवच्या किल्ल्याची डागडुजी करायला पैसा नाही म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे तारण पाठवले, ही कथा प्रसिद्धच आहे. जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरी आहेत, ती परंपरा त्यानेच सुरू केली. १५४८ च्या जून महिन्यात तो गोव्यातच वारला. त्याच्या आरमाराने आदिलशाही मुलखातली बंदरे जाळली, हेही विसरता येत नाही. तो जेत्यांपैकी एक होता. पण या माणसाची दुसरी एक बाजू आहे आणि ती होकायंत्राशी निगडित आहे.

१५३८ साली तो पहिल्यांदा हिंदुस्थानाकडे निघाला तेव्हा त्याच्याजवळ एक नवे उपकरण होते. पेद्रु नुनिश या पोर्तुगीज गणितज्ञाने ते सुचवले होते. होकायंत्राच्या तबकडीवर मधोमध एक उभी काडी. दुपारपूर्वी सूर्य ठराविक उंचीवर असताना काडीची सावली तबकडीवर कुठे पडते ते पाहायचे. दुपारनंतर सूर्य तेवढ्याच उंचीवर आला की पुन्हा पाहायचे. दोन्हींचा मध्य म्हणजे खरी उत्तर. सुई त्याहून जितकी बाजूला, तितका तिचा दिक्पात. उज्जैनच्या ओट्यावर आम्ही जे पाहत होतो, तेच हे. फक्त हलत्या जहाजावर. काठीची सावली तीच, सूर्यही तोच.

लिस्बनहून गोव्यापर्यंत कास्त्रु वाटेत जागोजागी ही मापे घेत आला. त्या काळी दर्यावर्दी समजत की सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते यावरून जहाज पूर्व-पश्चिम किती आले ते काढता येईल. कास्त्रुच्या मापांनी तो समज टिकू दिला नाही. मग ऑगस्टमध्ये, मोझांबिकजवळ, त्याची मापे एकमेकांशी जुळेनात. सूर्य बदलला नव्हता. त्याने यंत्राच्या आजूबाजूला पाहिले, तर जवळच तोफ होती. जहाजावरचे लोखंड सुईला ओढते, हे निरीक्षण त्याने नोंदवून ठेवले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गोव्याहून उत्तरेला, दीवकडे निघाला. तेव्हा उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर त्याला सुई पुन्हा भरकटलेली दिसली. या वेळी तोफ नव्हती. त्याने दोष किनाऱ्याच्या खडकात शोधला. आपल्या काळ्या पाषाणाचा सुईवर परिणाम होतो हे लिहून ठेवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक.

मला या गोष्टीतले विशेष वाटते ते हे, की तोफेचा दोष तोफेला आणि खडकाचा दोष खडकाला, असे त्याने वेगवेगळे मांडले. कास्त्रुजवळ सावली होती म्हणून त्याला हे करता आले. माझ्याजवळ धुके होते, हे खरे. पण घरी आल्यानंतरच्या आठ महिन्यांत कितीतरी दुपारी उन्हाच्या होत्या. अंगणात काठी रोवून सुई ताडून पाहायला मला कोणी अडवले नव्हते. मी ती पाहिली नाही, कारण दगडावर ढकलणे सोपे होते.

ही गोष्ट ऐकून आप्पा खूश झाले आणि परतीच्या रिक्षात त्यांनी तिची जोड सांगितली. तीही आपल्याच किनाऱ्याची, अलिबागची.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा काढली. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली. मराठी वाचकांना आपली वाटतील अशी दोन माणसे या वेधशाळेत होती. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ तिचे प्रमुख होते आणि पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून गाजलेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी तिथेच सहायक होते. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरून आलेल्या मोठ्या चुंबकीय वादळाने जगभरच्या तारायंत्रांची दाणादाण उडवली, तेव्हा कुलाब्याच्या सुयांनी त्याची नोंद केली. त्या वादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे वळतात.

मग मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. घोड्यांच्या ट्रामने सुयांना काही होत नव्हते. पण विजेची ट्राम म्हणजे रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा प्रवाह, आणि प्रवाह म्हटला की चुंबकत्व आलेच. वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस हे पारशी शास्त्रज्ञ होते. शहर थांबणार नव्हते. तेव्हा सुयांनीच घर सोडावे असे ठरले आणि १९०४ साली समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारती बांधताना लोखंड वर्ज्य केले. चुंबकत्व नसलेला दगड, लाकूड, तांबे, पितळ यांवर काम भागवले.

यात मला सगळ्यात शहाणपणाचे वाटले ते पुढचे. अलिबागला सुया बसल्या म्हणून कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापे घेतली. जागा बदलल्याने आकडे किती बदलतात हे नीट कळावे आणि जुनी साठ वर्षांची मालिका नव्या मालिकेला सांधता यावी म्हणून. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तिच्याआधीच सुया सुरक्षित झाल्या होत्या. ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद पडली; अलिबागची वेधशाळा आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या छत्राखाली चालू आहे.

फ्रीगंजला परतल्यावर आप्पांनी माझे होकायंत्र दुरुस्त करायला घेतले. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक त्यांच्या खणात होता. त्याचे दक्षिण टोक कुठले हे आधी त्यांनी दोऱ्याला टांगलेल्या दुसऱ्या चुंबकावरून पक्के केले. होकायंत्राची डबी तिरकी धरून सुई अडकवली, आणि चुंबकाचे दक्षिण टोक सुईच्या मध्यापासून लाल टोकापर्यंत काचेवरून नेले. टोकाशी उचलले, पुन्हा मध्यापासून. असे बरेच वेळा. ज्या टोकाशी चुंबकाचे दक्षिण टोक उचलले जाते ते टोक उत्तरेचे होते, हा त्यामागचा हिशेब. मग चुंबक पार दुसऱ्या खोलीत ठेवून आम्ही मैदानात गेलो. लाल टोक उत्तरेला वळले.

"आता ठीक झालं," मी म्हणालो.

"ठीक झालं असं सावली म्हणेल तेव्हा म्हणा," आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मैदानात काठी रोवून आम्ही दोन खुणा केल्या, तेव्हाच त्यांनी ते मला परत दिले.

डोंगरात जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी तिथे शिकलेले थोडे लिहून ठेवतो. होकायंत्र मोबाइल, कानातले स्पीकर, चुंबकाची बटणे असलेले पाकीट यांच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. घरीही दूरदर्शन संच किंवा स्पीकरवर ठेवू नये. वाचताना मोबाइल, सुरी, पट्ट्याचे बक्कल हातभर लांब असावे. मोटार आणि लोखंडी कुंपण यांपासून दहा-पंधरा पावले दूर जावे. खडकावर टेकवून वाचू नये. छातीशी धरावे आणि दोन-तीन जागी उभे राहून पाहावे. युरोपातून कोणी भेट म्हणून आणलेले होकायंत्र आपल्याकडे कलते. तिथे सुईचे उत्तर टोक जमिनीकडे बरेच झुकते म्हणून दक्षिण बाजूला वजन लावलेले असते. आपल्याकडे तेवढा झोक नसल्यामुळे ती बाजू तबकडीला घासते आणि सुई अडते. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत सध्या जेमतेम एक-दीड अंशाचा फरक आहे. पायी चालणाऱ्याने त्याची फार चिंता करू नये. मोबाइलमधले होकायंत्रही चुंबकत्वावरच चालते, त्यामुळे ते या नियमांतून सुटत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, निघण्यापूर्वी घरच्या अंगणात, जिथली उत्तर आपल्याला ठाऊक आहे तिथे, सुईला एकदा विचारावे. माझ्या अंगणात तुळशीवृंदावन आहे, सूर्य त्याच्यासमोर उगवतो. दोन मिनिटांचे काम होते. ते मी केले नाही.

गोव्यात परतल्यावर भाच्याला आणि त्याच्या तीन मित्रांना घरी बोलावले. त्यांच्या आईबापांनाही. चहा झाल्यावर मी सांगितले की डोंगराने आम्हाला फसवले नव्हते. चूक माझ्या थैलीतली होती, आणि पुढे मी जे सांगत फिरलो तीही माझीच चूक. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाची आई म्हणाली, "भाऊ, आता सांगितलंत हे बरं केलंत. पोरगा पुन्हा जायचं म्हणतोय; त्याला ही सुई तपासायची रीत आधी शिकवा." मुलांना मी अंगणात नेले आणि काठी रोवली. पहिली खूण झाली, पण दुसऱ्या खुणेला अजून चार तास होते. मुले थांबतील असे वाटले नव्हते, थांबली.

त्या म्हाताऱ्या गुराख्याला भेटायला मी पुढच्या महिन्यात चोर्ल्याला जाणार आहे. त्याच्या हाताशी होकायंत्र नव्हते आणि धुक्यात सावलीही नव्हती. तरी सडा कुठे संपतो हे त्याला ठाऊक होते. ते त्याला कसे कळते, हे या वेळी विचारायचे आहे. नावही.